सापकांद्याची जागा

फरशीचा ट्रक मागच्या फाटकात आला तेव्हा हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या सिस्टर इमारतीमागच्या मातीवर फळी टाकून, तिच्यावर खुर्ची ठेवून बसल्या होत्या. फळी अशासाठी, की खालच्या कंदांवर खुर्चीच्या पायांचा भार नको.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी नजर फिरवली. उंच भिंत, सावली, काळी माती. गवताची काडीसुद्धा नाही.

“इथे आहे काय, सिस्टर?”

“सापकांदा. झोपलाय.”

आठ महिने जमिनीत तोंड खुपसून बसणाऱ्या झाडासाठी स्कूटर लावायची जागा अडवायची, हे काही सेक्रेटरींच्या गळी उतरेना. एवढा जीव असेल तर कुंडीत लावा, म्हणाले. सिस्टरनी समजावलं: कंद लहान असतो तोवर सापकांद्याला नर फुलं येतात. कंद पोसला, की त्याच झाडाला मादी फुलं. सात वर्षांनी यंदा पहिल्यांदा लाल दाणे धरले, ते इथेच पडलेत. आता उकरलं तर कंद खंगेल आणि सगळं पहिल्यापासून.

“आणि मेला असेल तर?”

“झोपलेल्या पेशंटला मेलेला समजायची चूक मी तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही केली नाही.”

सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं. साठीच्या बाईला उचलून तर ठेवता येत नाही. शेवटी त्यांनी गवंड्याला बजावलं, की खुर्चीच्या चारी बाजूंनी हातभर माती सोड आणि बाकी सगळीकडे फरशी घाल. बसून बसून किती बसतील. मग ते ऑफिसला निघून गेले.

गवंड्याने फाटकाच्या बाजूला हातभर मोजून खिळे ठोकले, दोरी ताणली आणि माल कालवायला गेला. सिस्टरनी उठून फळी वीतभर फाटकाकडे ओढली, खुर्ची नीट केली, बसल्या. तो परत आला. त्याने खुर्चीकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. खिळे उपटले, पुन्हा हातभर मोजलं आणि वीतभर पलीकडे ठोकले.

असं चारदा झालं. दुपारपर्यंत फरशीची एकच ओळ पडली होती, तीही फाटकाला चिकटून. फळी ओढून ओढून सिस्टरचे तळहात सोलवटले होते.

पाचव्यांदा गवंडी घमेलं उचलून निघाला आणि दोन पावलांवर थांबला. मागे न बघताच म्हणाला, “या बाजूला आता पुरे, सिस्टर. भिंतीकडे सरका. इथली दोरी राहील, तिकडची अजून बांधली नाही.”