चाकाखालचं लिंबू

राहात्यात गोरक्ष नुसत्या गाड्या धूत नसे; नवी गाडी धुऊन झाली की तिला हार घालून चाकांखाली लिंबंही तोच ठेवायचा. एकदा शेवटचं लिंबू ठेवताना मालकाला घाई झाली, त्यानं गाडी सोडली आणि चाक गोरक्षच्या पायावरून गेलं. गमबूट फाटला, आतला अंगठा मोडला, लिंबू मात्र बाजूला घरंगळून ठणठणीत राहिलं.

पुढच्याच आठवड्यात ती गाडी सुप्याजवळ कोलांट्या खात खड्ड्यात गेली आणि पुन्हा चारी चाकांवर उभी राहिली. म्हणतात, मालकाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळला नाही. तालुकाभर बोभाटा झाला.

गोरक्षच्या पायाचं प्लास्टर उतरतंय तोच देवळालीहून एक नवाकोरा टेम्पो आला. धुऊन झाला, तशी गोरक्षनं लिंबं काढली.

"लिंबू नगं, मामा," टेम्पोवाला आत बसूनच म्हणाला. "तुमचा पाय ठिवा."

"आवो, मोडंल की."

"मोडला म्हनूनच तर गुन आला."

मागं आणखी नव्या गाड्यांची रांग लागलेली. नाही म्हणावं तर गिऱ्हाईक जातं, हो म्हणावं तर दुसरा पाय जातो. गोरक्षनं बायकोकडं पाहिलं.

साळूबाईनं आधी टेम्पोची किल्ली काढून कमरेला खोचली. मग त्या दिवशीचा फाटका गमबूट चिंध्या ठासून आणला, त्याला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली सरकवला आणि नवऱ्याला लांब ओढून किल्ली परत दिली.

"चालवा आता. गुन समदा बुटात उतरलाय. ह्यांचं पाय मला बाजाराला लागत्यात."