दुसरा रिमोट

खेळाडू १
हेमूच्या खाटेसमोर श्रीरंगने जुना व्हिडिओ गेम टीव्हीला जोडला, कॅसेटमध्ये फुंकर मारली. "आताच्या गेममध्ये काही दम नाही. तेव्हा आपण दोघं कसले खेळायचो!"

खेळाडू २
"तू खेळायचास, दादा. माझ्या रिमोटची वायर तू कधी जोडलीच नाहीस. मला कळायचं." अपघातानंतर मानेखाली लुळा पडलेला हेमू हसला. "बोललो असतो, तर हाकललंच असतंस."

खेळाडू १
श्रीरंगने घाईघाईने दुसरी वायर खोचली, रिमोट हेमूच्या तळहातावर ठेवला. बोटं हलली नाहीत. पडद्यावरचा हेमूचा रणगाडा जागच्या जागी तीनदा फुटला.

खेळाडू २
"काढ ती वायर," हेमू म्हणाला. "आणि तेव्हासारखंच सांग, मी जिंकतोय."