खिडकीमागची खोली

“यात पाणी कोणी घातलं?” औषधाची बाटली उजेडात धरून गोदावरीबाईंनी विचारलं.

“मीच घातलं. कंपाउंडर मीच हावो न, बाई,” खिडकीतून देवमन म्हणाला.

बाईंनी बाटली तिथेच ठेवली आणि तडक डॉक्टरांची खोली गाठली. भिक्षुकाच्या घरातल्या त्या. देवमनच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला, पण बाईंच्या लेखी तो अजून होता तिथेच होता. त्यालाही हे नवं नव्हतं.

मोर्णा नदीकाठचा तो दवाखाना लहानसा, पण देवमनचं सगळं जग त्याच्या खिडकीत मावायचं. बाळापूरहून अकोल्यात आलेल्या या पोराशी गल्लीत कोणी चकार शब्द बोलत नसे. खिडकीवर मात्र दिवसभर माणसं. खेड्यावरच्या बाया त्याला खुशाल ‘डाक्तरसाहेब’ म्हणायच्या, आणि तोही लबाड, त्यांची चूक दुरुस्त करायचा नाही. संध्याकाळी एकट्याने भाकरी थापताना तेवढं त्याला पुरायचं.

योजनांचे दिवस होते. वरून हुकूम आला, आसपासच्या दवाखान्यांसकट औषधवाटपाची पुढच्या पाच वर्षांची आखणी करा. डॉक्टर वामनराव माणूस वाईट नव्हते, फक्त कटकटीला भारी भीत. गोदावरीबाईंच्या मागोमाग आणखी तक्रारी आल्या, तेव्हा त्यांनी आखणी आणि कटकट दोन्ही एकदमच निकालात काढली.

“खिडकीवर आता आपला कारकून वसंत बसेल. मागची खोली तुझी. पगारही वाढेल,” ते देवमनला म्हणाले.

“पगार राहू द्या, साहेब. मले खिडकीवरच ठेवा. तिथं मानसं बोलतात माह्यासंग.”

वामनरावांनी चष्मा काढून पुसला. “तक्रारी थांबल्या पाहिजेत, देवमन.”

मागच्या खोलीकडे कोणी फिरकत नसे. कोणाचा तरी आवाज कानावर पडावा म्हणून देवमन बाटल्यांवरची नावं मोठ्याने वाचायचा. फार एकटं वाटायचं त्याला.

आखणी मात्र वामनरावांना फळली. तक्रारी बंद झाल्या, रांग वाढली. दिवाळीच्या सुमाराला एके सकाळी फळ्यांच्या भिंतीपलीकडून ओळखीचा आवाज आला. गोदावरीबाई वसंतला सांगत होत्या, “तुमच्या हाताला गुण आहे हो. यांचा खोकला पार गेला. आता आमच्या आळीतली सगळी घरं इथलंच औषध नेतात.”

वसंत नुसता हसला.

मागच्या खोलीत देवमनचे हात थांबले. नव्या आखणीत खिडकीवर औषध तयार होतच नव्हतं. बाळापूरच्या दवाखान्यापासून बाईंच्या आळीपर्यंत सगळ्यांचं औषध याच खोलीत बनत होतं, आणि त्यात पाणी एकटा देवमन घालत होता.