गाडीचं बारसं

शोरूममधल्या सजवलेल्या पाळण्यात खेळण्यातली लाल गाडी निजवली होती. नऊवारी नेसलेल्या दोन मुली ती उचलून, “कुणी गोविंद घ्या” म्हणत पाळण्याखालून एकमेकींना देत होत्या. मी माइक हातात घेऊन बघत होते.

“मॅडम, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जिंकलेला तुमचा पाळणाच म्हणायचा,” मॅनेजर म्हणाला. “फक्त शाल्मलीच्या जागी आमच्या गाडीचं नाव, झोरिया.”

“शाल्मली माझी लेक आहे हो. तिच्या बारशाला रचलाय तो. दुसरं काहीतरी गाते ना!”

“दुसरं कोण ऐकतंय, मॅडम?”

जिंकल्यापासून प्रत्येक जण हेच म्हणत होता. माझी बाकीची गाणी तशीच पडून होती. आज अडून बसले, तर उद्या पाळण्यालाही कुणी बोलावणार नव्हतं. मी झोरियाला निजवलं. लोकांनी घुगऱ्या खात टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन चुळा भरल्या, तरी किळस जाईना. शाल्मलीला मांडीवर घेतलं, तिच्या केसांत नाक खुपसलं आणि गाऊ लागले, “नीज गं माझी शाल्मली...”

आजीच्या मोबाइलवर सगळा कार्यक्रम बघितलेल्या माझ्या दोन वर्षांच्या लेकीनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

“अशं नाई, आई. झोलिया म्हण.”