सहाचा चढेना, आठचा राहीना

सहा मिलिमीटरचा नट चढत नव्हता आणि आठचा नुसता डुलत होता.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर घेतला आणि ट्रायपॉडच्या डोक्यावरच्या त्या एवढ्याशा पितळी, कॅमेरा बसवायच्या स्क्रूकडे वैऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं. कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली, आणि रिटायर होऊन वर्ष होत नाही तोच एक साधी फळी तीन पायांवर बसवता येईना!

फळी मात्र झकास झाली होती. वर लॅपटॉप मावेल एवढी, कडेला घसरू नये म्हणून पट्टी, खाली नट ठोकायला खाच. लेकीची चार वाजता मुलाखत होती, शाळेतल्या नोकरीची, घरूनच. लॅपटॉपसमोर उभं राहून फळ्यावर एक धडा शिकवून दाखवायचा. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये टेबल काही मावेना, ट्रायपॉडचे पाय तेवढे मावले. शाळेची अट एकच होती, खोलीत दुसरं कोणी नको. लेकीची ही चौथी मुलाखत. आधीच्या तिन्ही ठिकाणी ‘कळवतो’ म्हणाले होते आणि कळवलं कोणीच नव्हतं.

“अण्णा, झालं का?” लेक केस विंचरत दारात आली.

“होतंय. हा स्क्रू जाड झालाय.”

“जाड?”

“सहाचा असायला हवा, तर सव्वासहाच्या वर भरतोय.”

“मामाचा जुना ट्रायपॉड आहे तो. झिजला असेल.”

“अगं, झिजून कोणी जाड होतं का?”

ती गेली आणि अण्णा पुन्हा मापं घेत बसले. तिसऱ्यांदा घेतली तरी तेच. मापाचं व्हर्नियर खोटं बोलत नाही. मग आपणच चुकतोय? हात गेले की काय आपले? शेवटी जे शिकाऊ पोरांना जन्मात करू दिलं नव्हतं तेच त्यांनी केलं. सहाचा नट खाचेत ठोकला, फळी स्क्रूवर टेकवली आणि दोन्ही हातांनी दामटून पिळली. दीड आटा चढला आणि फळी अडकली. पुढे जाईना, मागे येईना.

चारला पाच कमी असताना लेकीने लॅपटॉप वर ठेवला. फळी एका अंगाला कलली. अण्णांनी चटकन खालून हात दिला. हात काढला, पुन्हा कलली.

“हात काढू नका,” लेक म्हणाली.

“पण खोलीत दुसरं कोणी...”

“तुम्ही दिसत नाही मागे. बोलायचं मात्र नाही.”

धडा सुरू झाला. अण्णा लॅपटॉपच्या मागे, फळीखाली गुडघ्यांवर, दोन्ही हात वर. खडूचा आवाज येत होता, लेक छान शिकवत होती, पण त्यांचं लक्ष कुठलं लागायला! नाकासमोर वीतभर अंतरावर तो स्क्रू होता. त्याच्याकडे बघता बघता त्यांच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. इंच! पाव इंच, म्हणजे सव्वासहाच्या जरा वर! कारखान्यात मिलिमीटर आले तेव्हा इंचाचा झाडून सगळा माल अण्णांनीच भंगारात काढला होता. ‘इंच मेला’ असं ते पोरांना सांगत. ट्रायपॉडवाल्यांना हे कोणी कळवलंच नव्हतं.

ओरडून सांगावंसं वाटलं. हात गेले नव्हते! त्यांनी ओठ घट्ट दाबून धरले, पण छाती भात्यासारखी हलायला लागली.

“एक मिनिट,” लॅपटॉपमधून मुलाखत घेणाऱ्या बाईंचा आवाज आला. “चित्र सारखं वरखाली होतंय. श्वास घेतल्यासारखं. कोणी धरलंय का?”

खडू थांबला. अण्णांनी श्वास रोखला. नाही म्हण, पोरी, ते मनात म्हणाले. मग वाटलं, मुलांना शिकवायला निघालेली, ती खोटं कशी बोलेल? मग वाटलं, बोलू दे की एकदा, काय बिघडतंय! आपल्याला नक्की काय हवंय तेच त्यांना कळेना.

“हो,” लेक म्हणाली. “माझे वडील आहेत. फळी बसवत होते, ती बसली नाही. म्हणून धरून बसलेत.”

पलीकडे कुजबुज झाली. कागद चाळल्याचा आवाज आला. अण्णांच्या मनगटात कळा येत होत्या.

“बरं,” बाई म्हणाल्या. “मग त्यांना सांगा, जरा डावीकडे घ्या. फळ्याचा कोपरा कापला जातोय.”



“किती?” फळीखालून अण्णांनी विचारलं.