पूर्ण मार्क

फिजिशियन असिस्टंटच्या कोर्सला गृहपाठ होता: मारहाणीच्या जखमा अंगावर रंगवून यायच्या, मग वर्गात जोडीदारानं त्या तपासायच्या. एका साध्या वळासाठी माझी अख्खी संध्याकाळ गेली. आणि माझी जोडीदार, जिचा अभ्यास आजवर कधी वेळेत झाला नाही, ती काळानिळा डोळा, फुटलेला ओठ आणि गळ्यावर उमटलेली बोटं घेऊन हजर!

"एवढा वेळ कुठून काढलास गं?" मी जळफळत विचारलं.

"नवऱ्यानं केलं सगळं. दोन मिनिटांत."

"नशीब काढलंस हो!" मॅडम हसल्या. "पूर्ण मार्क. चला, पुसा आता."

मी ओला कापूस घेऊन तिचा गळा खसाखसा पुसला. ती कळवळली.



कापूस पांढराच राहिला.