किल्लीवाल्याची मतं

किल्लीवाल्याने कुलपात तार घातली, तोंड उघडलं, आणि ते काही बंद होईना.

"उकडलेलं अंडं म्हणजे अन्नाचा अपमान आहे, साहेब. कांदा आधी लाल करायचा, मग त्यावर अंडं फोडायचं. लोक उलटं करतात. आमची मंडळीसुद्धा. लग्न झाल्यापासून सांगतोय."

"हात चालव," साहेब म्हणाले.

"चालतोच आहे की. तोंड बंद ठेवलं तर हात अडतो माझा. जुनी खोड आहे."

दुसऱ्या मजल्याचा जिना अरुंद. ठाण्याचे साहेब दाराला लागून उभे, त्यांच्यामागे दोन शिपाई, दोघांच्या हातात रिकामी खोकी. मास्तरीणबाईंची कागदपत्रं भरून न्यायला आणलेली. जिन्याच्या वळणावर, वाट अडली म्हणून, इस्त्रीवाली कपड्यांचं गाठोडं घेऊन खोळंबली होती. बाई परगावी गेल्यात, घर रिकामं आहे, असं तिनेच साहेबांना सांगितलं होतं. चेहऱ्यावरची रेषाही न हलवता.

बाई दारापलीकडे, चार हातांवर, खुर्चीत बसलेल्या होत्या. हे किल्लीवाल्याला माहीत होतं. वकीलबाई कोर्टाचा मनाई हुकूम घेऊन चारपर्यंत पोचणार होत्या. तोवर बाईंनी शिंकायचंसुद्धा नाही, असं ठरलेलं. सापडल्या तर खोक्यांबरोबर त्याही जीपमध्ये जाणार.

साडेतीन वाजले होते.

कुलूप अगदी साधं. आत पाच पिना; पाचही उचलून धरल्या की फिरलं. पेलाभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ त्याला पुरे. त्याने चार उचलल्या, पाचवीला तार लावली आणि हात सैल सोडला. टक, टक, टक, टक. चारही खाली बसल्या.

"हट्टी आहे," तो म्हणाला.

"मघाशी निघत होतं ना?"

"आमच्या सासऱ्यांसारखं आहे साहेब. मान डोलावतं, आपण खूश होतो, आणि काम तिथेच."

जाडा शिपाई फिसकन हसला. साहेबांनी मान वळवली तसा खोक्यात बघायला लागला.

"आता सुट्टीचं घ्या," किल्लीवाला म्हणाला. "लोक डोंगर चढायला जातात. कशाला? डोंगर काय पळून चाललाय? सुट्टीत माणसाने आडवं व्हावं, चादर तोंडावर ओढावी, आणि घरातून हाक आली की मेल्याचं सोंग घ्यावं. आपलं तर स्पष्ट मत आहे."

घामाचा एक थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता. पुसायला हात मोकळा नव्हता. त्याने पुन्हा चार पिना उचलल्या, पुन्हा सोडल्या.

साहेब वाकले. त्यांचा कान कुलपाच्या इतका जवळ आला, की त्यांच्या केसांच्या तेलाचा वास कुलपाच्या तेलाच्या वासात मिसळला.

"दोनदा पडल्या त्या," ते हळूच म्हणाले. "मी मोजतोय. तुझ्या दुकानाचा परवाना कोण देतं?"

"ठाणं देतं, साहेब."

"एकदाच?"

"दर वर्षी."

"हं." साहेब सरळ झाले. "अंडी झाली, झोपा झाल्या. आता नव्या राज्यघटनेबद्दल काही मत असेल तर तेही ओकून टाक, आणि उघड."

साहेबांनी टोमणा मारला होता. पण विषय संपलेल्या माणसाला तो टेकू वाटला.

"आहे ना," किल्लीवाला म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकला. "म्हणजे, मी काही शिकलेला नाही. बाई रविवारी गच्चीवर वर्ग घेतात, तिथे मागच्या भिंतीला टेकून ऐकलेलं. अर्धं झोपेत. पण एक कलम आपल्याला आवडतं. तिसावं. ज्याचं घर त्याचं घर, कागदाशिवाय कुणी आत शिरायचं नाही. बरोबरच आहे. नाहीतर लोकांनी कुलपं घ्यायचीच कशाला?"



"एकतिसावं," दाराच्या आतून आवाज आला.

किल्लीवाल्याने डोळे मिटले. इस्त्रीवालीच्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि अर्ध्यात विरलं. या बाईंना चूक ऐकवत नसे, बघवत नसे. त्याच्या दुकानाच्या पाटीवरची वेलांटीसुद्धा त्यांनी भर रस्त्यात स्टुलावर चढून बदलली होती. आज जीव मुठीत धरून बसल्या होत्या, तरी तेच.

"आणि नुसता कागद नाही." आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "न्यायाधीशांच्या सहीचा कागद. झालंच आहे तर आता नीट म्हणा. किती वेळा घोकून घेतलंय."

साहेबांच्या हातात कसलाच कागद नव्हता. शिपायांनी खोकी जमिनीवर ठेवली.

"उघड," साहेब म्हणाले. "आत्ता."

या वेळी पाचही पिना वर होत्या. बोलण्याच्या नादात केव्हा उचलल्या गेल्या, त्यालाच कळलं नव्हतं. मनगट तसूभर वळवलं की झालं. परवाना राहिला, दुकान राहिलं.

"किल्लीवाले," आतून बाई म्हणाल्या, "मी ऐकतेय. पुढची ओळ?"

गच्चीवरच्या वर्गात उत्तर उभं राहून द्यायची पद्धत होती. किल्लीवाल्याने तार काढून घेतली. गुडघ्यावर हात टेकून तो उठला, साहेबांच्या पुढ्यात, दाराकडे पाठ करून. हात कुठे ठेवावेत हे कळेना, म्हणून त्याने ते बाजूला सरळ सोडले.

"सही नसेल तर," तो म्हणाला, आणि अडला. "सही नसेल तर..."

"दार उघडण्याची सक्ती," इस्त्रीवाली वळणावरून कुजबुजली, "कुणावरही—"

"वहिनी, तुम्ही सांगू नका," साहेबांवरची नजर न हलवता किल्लीवाला म्हणाला. "येतंय मला."